विमलाच्या हाताला कळायचं

परवा पुन्हा एक बाई कडेवर पोर घेऊन विमलाच्या दारात उभी. "पेडणेकर काकी, जरा हात लावून बघा ना, कालपासून दूध घेत नाही हो." विमलानं जाळीचं दारसुद्धा उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "मला काही कळत नाही. डॉक्टरकडे ने." बाई माझ्याकडे बघायला लागली. मी शेजारच्या दारात कोथिंबीर निवडत बसले होते. म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस? खरं बोलतेय ती. कोपऱ्यावर दवाखाना आहे, जा बाय." बाई गेली, पण जाता जाता 'किती शिष्ट' म्हणून गेली. म्हणू दे. लोकांच्या तोंडाला काय टाळं लावता येतं?

याच दारात ऑफिसच्या वेळेला आयांची झुंबड उडायची, ती का थांबली, हे तिला कुठून माहीत असणार?

मी रुक्मिणी. विमलाची शेजारीण. बोरिवलीला मागाठाण्याच्या बस डेपोच्या मागं आमची सोसायटी आहे, तिथं तळमजल्यावर आमची घरं, भिंतीला भिंत लागून. दोघींचे सासरे एकाच गिरणीतले. गिरणी बंद पडली तेव्हा दोघांनी परळच्या खोल्या विकून इथं शेजारी शेजारी घरं घेतली, आणि त्यांच्या सुना म्हणून आम्ही दोघी एकमेकींच्या वाट्याला आलो. मी वेंगुर्ल्याची, ती कणकवलीकडची. भांडलो, अबोला धरला, पुन्हा बोललो. तिच्याबद्दल बोलायचा हक्क माझ्याएवढा कोणाला नाही, तिच्या नवऱ्यालाही नाही.

विमलाला आता या जगात एकच गोष्ट हवी आहे. तिच्या एकुलत्या एका पोरीनं, अक्षतानं, एकदा घरी यावं आणि चार घास जेवून जावं. बस. आणि ती येत नाही. भांडण म्हणाल तर झालं नाही, आवाज म्हणाल तर कोणाचा चढला नाही. तरी येत नाही.

विमलाचं पाळणाघर होतं. हॉलमध्ये गाद्या, खिडकीपाशी दोन झोळ्या, भिंतीला दोरी आणि दोरीवर दुपटी. मी मऊभात आणि नाचणीची पेज करून द्यायचे, पोरांची पेज ढवळता ढवळता माझाही दिवस जायचा. तर विमलाची एक रीत होती. पोराला विचारायचं नाही. मदतीला नवीन मुलगी ठेवली की तिला पहिला धडा हाच. "पोट दुखतंय का विचारलंस तर पोर हो म्हणतं. कान दुखतोय का विचार, तरी हो म्हणतं. विचारलं की पोर आपल्याला पाहिजे ते सांगतं. हात लाव. हाताला खरं काय ते कळतं." मग ती पोराचे तळपाय दोन्ही हातांत धरायची, मानेमागं पंजा ठेवायची, टाळूचा वास घ्यायची आणि डोळे मिटून गप्प बसायची. मला हसू आवरायचं नाही. मी म्हणायचे, "काय गो, रेंज येते काय?" ती हसायची नाही. तिला या बाबतीत मस्करी चालायची नाही.

मानसी म्हणून एक मुलगी होती, अंधेरीला मरोळच्या एका ऑफिसात कामाला. तिची श्रुतिका नुकती चालायला लागलेली. एक दिवस पोर मस्त खेळतंय, पेज प्यालंय, माझ्या साडीला तोंड पुसलंय, आणि विमलानं मानसीला फोन लावला. "लवकर नीघ. पोरीला ताप येणार आहे."

"ताप आलाय?"

"आला नाही. येणार आहे."

मानसी साहेबाची बोलणी खाऊन, वैतागून आली असणार. पण ती दारात पोचेपर्यंत पोर तापानं फणफणलेलं. झालं! मानसीनं ते बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं, तिथून ते आणखी दहा ग्रुपांवर गेलं, आणि विमला पेडणेकर म्हणजे साक्षात देवीच झाली. मला विचाराल तर ताप चढायच्या आधी पोराचे पाय गार पडतात, हे माझ्या आजीलाही ठाऊक होतं. पण ऐकतो कोण? त्यात विमला माहेरची घाडी. आमच्या सिंधुदुर्गात देवळात देवापुढं उभं राहून गावातर्फे गाऱ्हाणं घालायचा मान घाड्यांचा. मग काय, सगळ्यांना कारण सापडलं. "घाड्यांच्या रक्तातच असतं ते," म्हणायचे लोक. "आपल्याला पाच इंद्रियं, त्यांना सहावं."

मी काही मानणारी बाई नाही. पण एक गोष्ट मला आजही सुटलेली नाही, ती सांगते. एकदा मी तिच्या स्वयंपाकघरात पेज ढवळत होते, ती हॉलमध्ये पोराला भरवत होती. भरवता भरवता तिचा हात थांबला. "रुक्मिणी, घरी जा," म्हणाली. मी म्हटलं, "का?" "जा म्हणते ना." मी गेले तर माझ्या सासूबाई न्हाणीघरात पडलेल्या, खुबा मोडलेला. भिंतीला भिंत आहे, आवाज आला असेल, असं मी स्वतःला कितीदा समजावलं. पण मी त्या भिंतीला खेटून उभी होते, आणि मला काही ऐकू आलं नव्हतं. तेव्हा काहीतरी होतं तिच्याकडे. नव्हतं असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत.

पुढं पुढं पोरांवर भागेना. कोणी हरवलेली अंगठी विचारायला यायचं, कोणी पोराचा निकाल, कोणी घेऊ की नको म्हणून फ्लॅटचा फोटोसुद्धा दाखवायचं. ती पैसे घ्यायची नाही, हे खरं. पण तिला ते आवडायला लागलं होतं, हेही खरं. पदर नीट करून, डोळे मिटून बसायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ना, ते मी ओळखायचे. बाई गं, मान कोणाला नको असतो?

आणि घरात काय झालं? घरात सगळ्यांनी बोलणंच सोडलं. तिचे मिस्टर श्यामसुंदरभाऊ आधीच अबोल, त्यात ही कळणारी बायको. चहा पाहिजे असला तरी तोंड उघडायचे नाहीत, चष्मा काढून पेपरवर ठेवायचे, की आतून चहा हजर. अक्षता शाळेतून आली की आईनं मानेमागं हात ठेवायचा आणि सांगायचं, "आज मैत्रिणीशी भांडलीस." पोरगी डोळे मोठे करून बघायची. लहानपणी तिला त्याचा केवढा अभिमान! मला म्हणायची, "काकी, आमच्या घरात काही सांगावंच लागत नाही." मी म्हणायचे, "नशीबवान आहेस हो. आमच्याकडे ओरडून सांगितलं तरी कोणाला कळत नाही." तेव्हा आम्ही दोघी हसायचो.

अक्षता मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली, आणि सुबोधचं स्थळ आलं. पवईला कंपनीत, पवईलाच फ्लॅट. इस्त्रीचा शर्ट, बोलणं एकदम मऊ. मुलगा बघायला आला तेव्हा मी आत खोबऱ्याच्या वड्या ताटलीत लावत होते. तो विमलाच्या पाया पडायला वाकला आणि विमलानं त्याच्या मानेमागं पंजा ठेवला. तस्सा, पोरांच्या ठेवायची तसा. मग म्हणाली, "मुलगा शांत आहे. याच्याकडे माझी पोर सुखात राहील."

मी अक्षताला हळूच विचारलं, "तुला आवडला काय?"

ती ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, "माहीत नाही काकी. त्यानं मला काही विचारलंच नाही. सगळा वेळ आईशीच बोलत होता." आणि मग लगेच, "पण आईनं हात लावला ना? मग झालं तर."

लग्न थाटात झालं. अक्षता पवईला गेली. दर महिन्याला एक रविवार यायची, कधी सुबोधबरोबर, कधी एकटी. आली की दारातच विमलाचा हात तिच्या पाठीवरनं फिरायचा, मानेमागं थांबायचा, आणि विमला आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "माझी पोर सुखात आहे." अक्षता काही बोलायची नाही. जेवायची, डबा घ्यायची, जायची. मला ती थोडी उतरल्यासारखी वाटायची, पण पवईचं पाणी, नोकरीची धावपळ, म्हटलं असेल. आई सुखात आहे म्हणते, तिथं शेजारणीनं काय नाक खुपसायचं?

अशी सहा वर्षं गेली.

आणि मग ती दुपार. पोरं जेवून झोपली होती. पाळणाघरात दुपारची झोप म्हणजे मोठं काम, कोणी मोठ्यानं बोलायचं नाही, कुकरसुद्धा लावायचा नाही. मी दुपट्यांच्या घड्या घालत होते. दार लोटून अक्षता आत आली. रविवार नव्हता, आणि हातात मोठी बॅग. विमला उठली, तिच्या मानेमागं हात ठेवला आणि कुजबुजली, "उन्हातून आलीस. दमलीयस फक्त. बाकी बरी आहेस."

"हात काढ, आई."

विमलाला वाटलं ती मस्करी करतेय. हात तिथंच राहिला. अक्षतानं तो धरून खाली केला. म्हणाली, "मी सुबोधला सोडून आलेय."

"काहीतरीच काय! चिडलीयस झालं. तुझ्या मनात अजून तोच आहे, मला कळतंय ना."

"काय कळतंय तुला?"

हे सगळं कुजबुजत चाललेलं, बरं का. आजूबाजूला झोपलेली पोरं. मी घडी हातात धरून बसून राहिले, उठायचं सुचलं नाही.

"तो माझ्याशी बोलत नाही, आई. पंधरा पंधरा दिवस बोलत नाही. एका घरात राहून. मी विचारते माझं काय चुकलं, तर म्हणतो, तुझं तुला कळायला पाहिजे. मग मी शोधत बसते. भाजीत मीठ जास्त झालं का, फोनवर जास्त बोलले का. आणि मला वाटायचं, खरंच की, मला कळायला पाहिजे. आपल्या घरात सगळ्यांना कळतं. मलाच का कळत नाही?"

विमलाचं तोंड उघडं राहिलं होतं.

"मला दिवस गेले होते. राहिलं नाही. त्याचा अबोला चालला होता तेव्हा. मी एकटी रिक्षा करून हॉस्पिटलमध्ये गेले, एकटी घरी आले. आणि त्या रविवारी मी इथं आले, आई. तू पाठीवरनं हात फिरवलास आणि म्हणालीस, तब्येत सुधारली हां तुझी."

देवा रे! माझ्या हातातलं दुपटं खाली पडलं. मला तो रविवार आठवला. विमलानं त्या दिवशी आंबोळ्या केल्या होत्या आणि मीच अक्षताला म्हणाले होते, खा गं, आणखी एक घे.

"मला वाटलं तुला कळलंय," अक्षता म्हणाली. "तुला कळलं नाही असं होईलच कसं? तुला दुसऱ्यांच्या पोरांचा न आलेला ताप कळतो. मला वाटलं आईला सगळं कळलंय आणि ती मला सांगतेय, गप्प राहा, सहन कर. म्हणून मी गप्प राहिले. तूच सांगत होतीस म्हणून."

"नाही गो बाय," विमला म्हणाली. "नाही गो, मला काही—"

आणि तेवढ्यात तिची मान वळली. कोपऱ्यातल्या गादीवर एक पोर झोपलं होतं, शांत, हू की चू नाही. विमला उठली, तिकडं गेली, पोराच्या छातीवर हात ठेवला. मग कुठं त्या पोरानं तोंड वाकडं केलं, ओठ काढला, पण रडायच्या आत ते विमलाच्या खांद्यावर होतं. तिनं काही ठरवून नाही केलं हो. वर्षानुवर्षांची सवय, अंग आपोआप उठलं. पण अक्षता ते बघत होती.

ती माझ्याकडे वळली. "बघितलंत काकी? त्याला रडावंसुद्धा लागलं नाही."

बॅग उचलली आणि गेली. विमलानं पोर माझ्या मांडीवर टाकलं, अनवाणी गेटपर्यंत पळाली, पण रिक्षा निघून गेली होती.

त्या महिनाअखेरीला विमलानं पाळणाघर बंद केलं. आया रडल्या, भांडल्या, मानसी तर मुद्दाम भेटायला आली, पण ही हलली नाही. झोळ्यांचे हूक काढून टाकले. "हा हात खोटा आहे," एवढंच म्हणायची. अक्षता तिचा फोन घेईना. बापाचा घ्यायची, महिन्यातून एकदा, आणि श्यामसुंदरभाऊ म्हणजे काय विचारता, "बरं, ठेवतो," यापलीकडे त्यांची गाडी जात नाही. सुबोधपासून ती कायद्यानं मोकळी झाली, हेसुद्धा आम्हाला नंतर कळलं.

विमला दिवसभर सोफ्यावर बसून असायची. मी पेजेची वाटी घेऊन जायचे, दटावून पाजायचे. एकदा म्हणाली, "रुक्मिणी, मला कळलं होतं गो. लग्नात आम्ही जावयाचे पाय धुतले ना, तेव्हाच कळलं होतं. त्याचे पाय बर्फासारखे गार होते. माझ्या हाताला सांगितलं होतं त्यांनी. मी ऐकलं नाही."

माझं डोकंच फिरलं. शिरा पडली त्या पायांवर! म्हटलं, "विमल, हॉलमध्ये एसी होता, माझे पण पाय गोठले होते. आणि माझ्या नवऱ्याचे पाय जन्मभर गार होते, तो काय वाईट होता? देवमाणूस होता. तुला काही कळलं नव्हतं. अजून तुला कळल्याचीच हौस?"

मी एकदा सुटले की सुटले. "कळलं नाही हा काही गुन्हा नाही. जगात कोणाला काय कळतं? मला कळलं काय? पण पोरगी समोर बसून जेवत होती, गो! तिला तोंड होतं, तुला तोंड होतं. ती काय झोळीतलं पोर होती, बोलता न येणारी? कानाचं काम तू हाताला दिलंस."

मग ती रडली. अक्षता गेल्यापासून पहिल्यांदा. पदर तोंडात कोंबून रडत होती आणि मध्येच म्हणाली, "मग माझ्याकडं होतं तरी काय?" मला माझ्या सासूबाईंचा खुबा आठवला. मी पेजेची वाटी उचलून तिच्या हातात दिली.

पत्ता श्यामसुंदरभाऊंनी दिला. तिला नाही, मला. भाजी घेऊन येत होते, जिन्यापाशी थांबले, खिशातून चिठ्ठी काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही घेऊन जा हिला. माझ्याच्यानं होणार नाही." अक्षता वर्सोव्याला राहत होती, ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर भाड्यानं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. विमलानं सकाळीच घावणे केले, काळ्या वाटाण्याची उसळ केली, डबा भरला. मागाठाण्याहून मेट्रो पकडली, गुंदवलीला बदलली. सबंध वाट ती डबा मांडीवर धरून बसलेली. मध्येच मला म्हणाली, "काय बोलू गो तिच्याशी?"

"विचार, कशी आहेस."

"एवढंच?"

"एवढंच. जगातल्या आया रोज विचारतात."

ती खिडकीकडे तोंड करून ओठ हलवत होती. खोटं नाही सांगत, ती बाई 'कशी आहेस' हे दोन शब्द पाठ करत होती.

कोळीवाड्याच्या कडेला जुनी बिल्डिंग. जिन्यात सुकत्या बोंबलांचा वास. अक्षतानं दार उघडलं. केस कापले होते, चष्मा लागला होता. "या काकी," म्हणाली. मग आईकडे बघून, "ये."

आत गेलो. विमलाचा हात वर उठला, मी बघितला ना, सरळ तिच्या मानेकडे निघाला होता. अर्ध्यात थांबला. तिनं तो खाली घेतला आणि पिशवीचा बंद घट्ट धरला.

"कशी आहेस?" तिनं विचारलं.

अक्षतानं चष्मा वर सरकवून तिच्याकडे बघितलं. "तुला काय वाटतं?"

"मला काही कळत नाही, अक्षू. खरंच कळत नाही. तू सांग."

मला वाटलं आता पोरगी रडेल, आईच्या गळ्यात पडेल. नाही पडली. रागावलीही नाही. खिडकी थोडी उघडी होती ती नीट लावली आणि म्हणाली, "सांगायचं होतं तेव्हा दर महिन्याला येत होते ना, आई."

विमला खाली बघत होती. मग अक्षताच म्हणाली, "बरी आहे मी. बसा, चहा टाकते."

चहा झाला. मी आपली बडबडत राहिले, पाणी येतं का, मासळी स्वस्त मिळत असेल, मैत्रीण कुठली. विमला कपाकडे बघत बसलेली. उठताना म्हणाली, "घरी येशील का एकदा? जेवायला?"

"बघू," अक्षता म्हणाली. डबा तिनं तिथंच दुसऱ्या भांड्यात काढून घेतला होता, घासून पुसून परत दिला.

परतताना मेट्रोत जागा मिळाली. विमलानं डबा उघडून बघितला. रिकामा डबा परत द्यायचा नाही ही आपली रीत, तळाला चमचाभर साखर होती. विमलाचा चेहरा असा उजळला! "बघ, साखर घातलीय. म्हणजे तिच्या मनात राग नाही गो, मला कळ—"

तिथंच थांबली. मी तिच्याकडे बघितलं नाही, मुद्दामच नाही बघितलं. ती डब्यातल्या साखरेकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "का घातली असेल गो? रीत म्हणून, की…"

"माका काय ठावक? फोन करून विचार."

तिनं डब्याला झाकण लावलं, पर्समधनं फोन काढला, नंबर लावला. कानाला धरून बसली. मला शेजारी रिंग ऐकू येत होती, वाजून वाजून बंद झाली. तिनं पुन्हा लावला. पुन्हा वाजून बंद झाली.

"उचलत नाही," ती म्हणाली. फोन डब्यावर ठेवला, त्यावर दोन्ही हात ठेवले. "तेव्हा ती समोर बसलेली असायची, रुक्मिणी. ताट पुढ्यात घेऊन, एक हातभर लांब. विचारायला काय लागत होतं गो?"

मागाठाणे आलं, आम्ही उतरलो.